पडदा बंद करून वाचलेला पेपर

बाबा, तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी आपलं फुलसावंगीचं सैपाकघर आठवावं लागतं. तुम्ही जिनिंग मिलमधून येता, डोक्यावरचा कापूस झटकता, आई तव्यावर भाकर टाकते आणि तुम्ही चुलीपाशी बसून मला पेपर वाचून दाखवता. अंधशाळा संपवून मी घरी आले तेव्हा घरात ब्रेलचं एकही पुस्तक नव्हतं, म्हणून तुम्हीच हे सुरू केलंत. कापसाचे वाईट दिवस होते. जिनिंग कधी चालू, कधी बंद. पेपर मात्र तुम्ही चुकवला नाही. वाचता वाचता मधेच थांबायचात. मी विचारायची, "काहून थांबले?" "काई नाही, पान चिकटलं," म्हणायचात.

तुम्ही गेल्यावर मी दादाकडे तालुक्याला राहायला आले. तिथल्या वाचनालयात कॉम्प्युटर आलेत असं कळलं, म्हणून एका दुपारी वहिनीला घेऊन गेले. ग्रंथपाल भला माणूस होता, जवळच्या तांड्यावरून सायकलनं यायचा. म्हणाला, "ताई, तुमाले वाचून दाखवायले मी कोणी पाहून देतो." मी म्हटलं, "माणूस नको. माझ्या मैत्रिणीकडे बोलणारा कॉम्प्युटर आहे, तसा करून द्या." त्यानं ते मनावरच घेतलं. कुठूनसा फुकटातला प्रोग्रॅम मिळवून एका कॉम्प्युटरवर टाकला. त्यातला आवाज हिंदी होता, यवतमाळला यवतमाल म्हणायचा. आम्ही दोघं पोट धरून हसलो. कीबोर्डवरचे उंचवटे झिजले होते, तर त्यानं बायकोच्या टिकल्या आणून चिकटवल्या. माउस कपाटात गेला. मला शिकवता यावं म्हणून तो स्वतः कॉम्प्युटरचा पडदा बंद करून, हेडफोन लावून बसायचा. "डोकं फिरून राह्यलं, ताई," म्हणायचा, पण उठायचा नाही.

मग वाचनालयाच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं. "एका पोरीसाठी अख्खा कॉम्प्युटर अडवून ठेवायचा? इथं पोरं फॉर्म भरायले रांगेत उभी राह्यतात." रविवारच्या बैठकीत तो प्रोग्रॅम काढून टाकायचं ठरणार होतं. ग्रंथपालानं निरोप धाडला, "तुमी या. बाकी मी पाह्यतो."

गेले. त्यानं बैठकीतल्या सगळ्यांसमोर आणि फॉर्मसाठी रांगेत उभ्या लोकांसमोर कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. मी हेडफोन लावला, त्या दिवशीचा पेपर कॉम्प्युटरवर उघडला आणि कानात येईल ते मोठ्यानं सांगत गेले. कापसाच्या भावापाशी आले तेव्हा रांगेतली कुजबूज थांबली. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, पांढरकवड्याचा भाव पहा ना." मी बटणं दाबत खाली गेले, सापडला, सांगितला. मग अध्यक्ष खुर्ची ओढत जवळ आले आणि हळूच विचारलं, "माह्या मायले दिसत नाही आता. तिले जमन काय हे?"

"जमन. घेऊन या," मी म्हटलं.

आल्या त्या. लेकाचा हात धरून आल्या आणि पुढं पुढं सुनेला बाहेरच थांबवून एकट्या आत बसायला लागल्या. आज तिथं असे तीन कॉम्प्युटर आहेत आणि येणाऱ्यांना शिकवायचं काम माझं आहे. झरीकडून एक मुलगी बसनं येते, तिला माझ्यापेक्षा भराभर जमतं. आवाजही आता यवतमाळ नीट म्हणतो. माझं बरं चाललंय, बाबा.

एक मात्र सांगायचं राहिलं. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी मी एकटीनं पहिल्यांदा अख्खा पेपर ऐकला. आपल्या बाजूच्या दोन गावांत दोन माणसांनी जीव दिला होता. तो आवाज न थांबता ते वाचून पुढच्या बातमीकडे गेला. तुमचं पान कुठं चिकटायचं ते मला तेव्हा कळलं. तुमचा राग आला नाही. खूप वेळ रडले, मग उरलेला पेपर ऐकून संपवला.

आणि हे मी आईलाही कधी सांगितलं नाही: तुम्ही वाचून दाखवायचात त्यापेक्षा एकटीनं वाचायला मला जास्त आवडलं.