कलर मोठा की सिक्वेन्स

नंदुरबार, मंगळवार संध्याकाळ

आज आप्पांशी चक्क भांडण झालं. लकवा मारल्यापासून माझे वडील "हां" आणि "नही" एवढंच बोलतात. त्यांची बोटं हलावीत म्हणून मी मोबाइलवरून पोकर शिकले आणि रोज त्यांच्याशी खेळते.

आज त्यांनी पाच ते नऊ असे ओळीने पत्ते मांडले, रंग वेगवेगळे. माझे पाचही पत्ते बदामचे. म्हटलं, "आप्पा, कलर मोठा. मी जिंकले."

"नही!" त्यांनी पत्त्यांवर हात आपटला. मी पुन्हा समजवायला गेले, तर एकदम ओरडले, "कोनी शिकाडं तुले? सिक्वेन्स मोठी शे!"

अख्खं वाक्य! आई स्वयंपाकघरातून धावत आली.

आता लक्षात येतंय. ते आयुष्यभर तीन पत्ती खेळले. तिथे सिक्वेन्स कलरच्या वर असते, पोकरमध्ये उलटं. म्हणजे दोघंही बरोबर. हे त्यांना सांगायला हवं होतं का?

आई म्हणाली, "हारनू म्हन ना, पोरी."

हरले असं मी म्हणणार नाही, सांगितलं तिला. उद्याही कलरच मोठा म्हणणार आहे. भांडू देत त्यांना, हवं तितकं.