काळ्या गाडीचा बंपर आणि सांगलीचं स्थळ

३ एप्रिल
सकाळी बघतो तर गाडीच्या बॉनेटवर आईचं जुनं लुगडं, त्यावर कुरडया. माझी काळी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकवून बसणारी स्पोर्ट्स कार! म्हटलं, हे काय? आई म्हणाली, "माळवदापरास लवकर वाळत्यात. आणि तुझी गाडी कुठं जातीया? गतिरोधक आला की बसतीया." खोटं नाही. गावात शिरताना प्रत्येक गतिरोधकाला माणसं उतरवावी लागतात. लय संताप आला. दुपारी कुरडई तळून दिली, ती खाल्ली.

४ एप्रिल
तात्या (चुलते) पहिल्यांदाच गाडी बघायला आले. चारी बाजूंनी फिरून म्हणाले, "बाकीची दोन दारं कवा येणार हायती?"
पुण्याहून जुनी घेतली. का घेतली ते लिहायला लाज वाटते, पण इथं कोण वाचतंय. मेकॅनिकलची डिग्री आहे, ऊस आहे, विहिरीला पाणी आहे. तरी "मुलगा काय करतो?" "शेती." की पोहे खाऊन मंडळी परत. म्हटलं गाडी बघून तरी दोन मिनिटं जास्त बसतील.

८ एप्रिल
ऊन मी म्हणतंय. दाराच्या कडीला हात लावला तर चटका. गाडीला शेड मारायचं ठरलं. कराडातून पत्रे आणले, नवे कोरे, तोंड दिसेल असे चकचकीत. भिंतीला टेकवून ठेवले, गाडीच्या बरोबर नाकासमोर. वेल्डरला उद्या ये म्हटलं, तर आबा (वडील) आडवे.
"पंचक लागलंय. पंचकात छप्पर घालत न्हाईत."
आबा आयुष्यभर फौजेत. म्हटलं, "आवं आबा, बॉर्डरवर काय पंचांग बघून तंबू ठोकत हुता?"
"ते सरकारचं छप्पर हुतं. हे आपलं हाय."
वेल्डरला फोन करून थांब म्हटलं.

१२ एप्रिल
पंचक संपलं. आता अवस. अवसेला खड्डा काढायचा नाही म्हणे.

१४ एप्रिल
अवस गेली तर वेल्डर गेला. त्याच्या गावची जत्रा. फोनवर मागं ताशा. "दादा, पालखी देवळात गेली की आलोच." पत्रे तिथंच.

१६ एप्रिल
मामाचा फोन. सांगलीचं स्थळ. ऋतुजा. दातांची डॉक्टर, स्वतःचा दवाखाना. फोटो आला. मी बघितला, परत बघितला, मग आईनं मोबाईलच काढून घेतला.
मामा म्हणतो, "मी सांगून टाकलंय, पोराचं गाड्यांचं काम हाय."
"कसलं गाड्यांचं, मामा?"
"ट्रॅक्टर काय बैल हाय व्हय रं? रविवारी यायचं. ती काळी गाडीच आण."
आजवर कुठलं स्थळ मनात भरलं नव्हतं. हे हवंय. लय हवंय.

१८ एप्रिल, शनिवार
मेलो.
गाडी धुवायला गेलो. पुढचा बंपर डावीकडं लोंबतोय, मधे लाट आलीय. कुणी ठोकली? आईला विचारलं तर, "माझ्या कुरडया वर हुत्या, खालचं मला काय माहीत!"
बारा वाजता उकिडवं बसून बघितलं. पत्र्यावरचं ऊन उलटून सरळ प्लास्टिकच्या बंपरवर. हात धरला, भाजला. सावली करायला आणलेल्या पत्र्यांनीच गाडी भाजली. दहा दिवस! आणि घरात इंजिनिअर कोण, तर मी.
आबांना ओढत आणून दाखवलं. हात मागं बांधून वाकून बघितलं. मग म्हणाले, "बघ. नुसतं टेकवून ठेवलं तर ही गत. छप्पर घातलं असतं तर काय झालं असतं?"
विहिरीकडं निघून गेलो. घरात थांबलो असतो तर काहीतरी बोललो असतो.

संध्याकाळी — मलकापूरचा बाळ्या आला. दोस्त, गॅरेजवाला. इलाज: उकळतं पाणी ओतायचं, प्लास्टिक मऊ पडतं, आतून हातानं दाबायचं. आईनं मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं. पहिल्या पातेल्याला बंपर चक्क सरळ. मी म्हटलं बास. बाळ्या म्हणाला, "आणखी एक टाकू गड्या, फिनिशिंग." फिनिशिंगला उजवी बाजूही खाली आली, आतल्या क्लिपा कडाकडा तुटल्या.
बाळ्या लांब जाऊन डोळा बारीक करून: "आता कसं, दोन्हीकडं सारखं झालं."
शेवटी तारेनं बांधला. तार दिसू नये म्हणून वरून झेंडूचा जाडजूड हार. झाकली मूठ.

१९ एप्रिल, रविवार
गेलो. मामा पुढं. आई-आबा मागच्या सीटवर, म्हणजे त्याला सीट म्हणायचं. पेठ नाक्यापासून आबा आपले गुडघे स्वतःच्या हनुवटीला लावून. सांगलीत दारात पोचलो तर बाहेर निघता येईना. मुलीच्या वडिलांनी एक हात धरला, मी एक, आणि सासरेबुवांनी (होतील तेव्हा) व्याह्यांना असं उपसून काढलं. नमस्कार नंतर.
हार बघून ते म्हणाले, "नवीन घेतली वाटतं?"
मी तोंड उघडायच्या आत मामा: "परवाच!"
तिच्या काकूंनी ऐकलं. "अगंबाई, नवी गाडी दारात आणि ओवाळायचं नाही?" नको नको म्हणेपर्यंत ताट आलं. कुंकू लावायला काकूंनी हार बाजूला सारला. मी डोळे मिटले. "हे असंच असतं का?" काकू. "स्पोर्ट्स मॉडेल हाय," मामा. मग बंपरसमोर दगड ठेवून नारळ. एक घाव. नारळ फुटला नाही. दुसऱ्या घावाला काकूंचा कोपर बंपरला लागला, तार सुटली, आणि अख्खा बंपर काकूंच्या पुढ्यात.
आबांनी सवयीनं सावधान घेतलं.
तेवढ्यात दारातून आवाज: "कवळी पडली."
ऋतुजा. आधी तिचे वडील हसले, मग सगळेच. मी पण हसलो, पण रडू येत होतं हे खरं.

नंतर आम्हा दोघांना गच्चीवर धाडलं. तिनं पहिलंच विचारलं, "खरंच परवा घेतली?"
सगळं ओकलो. जुनी आहे, स्थळांसाठी घेतली, पंचक, पत्रे, पातेलं. गाड्यांचं काम वगैरे काही नाही, शेती करतो.
"शेतीची लाज वाटते?"
"शेतीची नाही. शेती म्हटलं की समोरच्यांची तोंडं पडतात. ती बघून कंटाळलोय."
ती म्हणाली, "माझं पडलं का?"
मी बघितलंच नव्हतं. मान खाली घालून बोलत होतो.
शेत बघायला येते म्हणाली. परत येताना मांडीवर बंपर घेऊन आबा.

२१ एप्रिल
मामा बोलत नाही. "खरं बोलून कुणाची लग्नं झाली हायती का!" हे शेवटचं वाक्य. वेल्डर आला. शेड झालं. खाली गाडी, बंपर गोठ्यात.

२६ एप्रिल, रविवार
ती आणि तिची आई आल्या. गाडीकडं ढुंकून बघितलं नाही. ऊस बघितला, विहीर बघितली. सरीत चप्पल रुतून बसली, तिनं स्वतःच उपसली. जेवताना आबा एकाच बाजूनं चावतायत हे तिनं ओळखलं. बॅटरी मारून तोंड बघितलं. "आबा, दाढ काढावी लागेल."
"वार कुठला बरा?"
"दुखेल तो."
आई फिदीफिदी हसली. आबांवर असं हसलेली मी बघितली नव्हती.
निघताना ऋतुजा मला म्हणाली, "उसाला पाणी कसं देतात ते बघायचंय. पुढच्या आठवड्यात दिवसाची लाईट आहे का?" मी लगेच, हो.
नाहीये. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री; पुढचा आठवडा रात्रीचा. परत तेच केलं, मामाचा भाचा शोभलो.

२७ एप्रिल
सकाळी फोन केला. म्हटलं, काल खोटं बोललो. मोटर रात्रीच चालणार. चिखलात उभं राहावं लागतं, साप असतात, पायाला भेगा पडतात. शेती म्हणजे हेही आलं, आधीच सांगतो.
"मग चपला चालायच्या नाहीत," म्हणाली. "गमबूट आहेत का तुमच्याकडं?" आहेत म्हणेपर्यंत तिचा पेशंट आला, फोन ठेवला.
आहेत ते आबांचे. दुपारी कराडला गेलो. माप विचारायचं राहिलं, परत फोन करायचं धाडस होईना. लहानातल्या दोन मापांचे काढून दाखवा म्हटलं. दुकानदार म्हणाला, "बाईमाणसाचे व्हय? कुणासाठी?"
"अजून ठरायचंय," म्हटलं, आणि दोन्ही घेतले.