फॅनबेल्ट माझ्या पर्समध्ये आहे

आबा,

अँबेसिडर चालू करू नका. चिरलेला फॅनबेल्ट मी सकाळीच काढलाय. नवा औरंगपुऱ्यातून आणलाय, पण तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडं येईपर्यंत तो माझ्या पर्समध्येच राहील. ओरडा खुशाल. काल छावणीत ती सायकलवरची पोरगी तुम्हाला दिसलीच नाय. मी स्टेअरिंग ओढलं म्हणून वाचली, अन् वर तुम्ही मलाच रागावलात.

पिठलं गरम करून घ्या, भाकरी टोपल्यात आहे.

अन् व्हय, कन्नडच्या घाटात बेल्ट तुटला तवा तुम्ही आईची नायलॉनची साडी फाडून त्या जागी बांधली होती, ते मी विसरले नाय. तिची तसली एकच साडी कपाटात उरली होती. ती नेसूनच मी कामावर चाललेय.

करुणा