आकड्यांवर बहिष्कार

रविवार, १ मार्च. कोंतिओलाहती, फिनलंड.

आज पिवळं बिब मिळालं, शर्यतीत कपड्यांवरून चढवायचं ते बिनबाह्यांचं जाकीट. हंगामभराच्या गुणांत जी सगळ्यांत पुढे, तिनं ते घालायचं. नोव्हेंबरपासून ते स्वीडनच्या डीसाच्या अंगावर होतं. या आठवड्यात तिला सर्दी झाली, दोन शर्यती बुडाल्या, आणि बिब माझ्याकडे आलं. सर्दीचं श्रेय मी घेत नाही. पण गुण ते गुण.

टीव्हीवाल्यानं विचारलं, आता दडपण... मी 'नाही' म्हणाले. त्याचा प्रश्न अजून पूर्ण व्हायचा होता.

हंगामाची शेवटची शर्यत ओस्लोला, होल्मेनकोलनच्या टेकडीवर. तिच्यानंतरही बिब माझ्याच अंगावर राहिलं, तर हंगामाचं बक्षीस, स्फटिकाचा मोठा गोल, माझा. स्कीवर पळायचं आणि मध्येच थांबून नेम धरायचा, असा आमचा खेळ. त्यात पदक एखाद्या चांगल्या दिवशी कोणालाही मिळतं. गोल मात्र अख्ख्या हिवाळ्याचा असतो. लहानपणापासून मला तोच हवा आहे. हे कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्याची गरज नाही.

भीती वगैरे नाही. रात्रीचं जेवण गेलं नाही, कारण मासा कच्चा होता. गुन्वोरनं माझ्याही वाटणीचा खाल्ला आणि छान शिजलाय म्हणाली. तिला काहीही चालतं.

मंगळवार, ३ मार्च. लिलेहामर.

घरी. बिब कपाटात ठेवलं. कपाटाचं दार नीट लागत नाही, फटीतून पिवळं दिसतं. म्हणून बिब सुटकेसमध्ये आणि सुटकेस पलंगाखाली. नंतर सुटकेस गाडीच्या डिकीत. कारण: खोलीत जागा कमी.

गुन्वोर टीममध्येही माझ्याबरोबर आणि या भाड्याच्या घरातही. जिन्यात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, अगं बाई, बिब आहे ते, विंचू नाही. मी सांगितलं, की ते कापड थंडीत टिकतं. तर म्हणे, मग फ्रीजमध्ये ठेव ना, चीजच्या शेजारी.

मी ट्रॉनहाइमला मोजमापाचं शास्त्र शिकले. जे मोजता येत नाही, त्याबद्दल बोलू नये, हे तिथं शिकवतात. म्हणून जे मोजता आलं तेवढंच लिहिते. उभ्यानं नेम धरताना माझा उजवा गुडघा शिलाई मशीनसारखा हलतो. कारण शोधलं. बुटाचा तळ झिजला आहे. नवे बूट मागवले.

शुक्रवार, ६ मार्च.

नवे बूट आले. गुडघा हलतो. नवे बूट पायात बसायला वेळ लागतो.

रविवार, ८ मार्च. ओस्तरसुंद, स्वीडन.

डीसाचं गाव. प्रेक्षक तिचे, त्यांच्या हातांतल्या घंटाही तिच्या. शर्यतीआधी दोनदा उलटी झाली. चढावर पोट हलकं असलेलं बरंच. आस्गेइर, आमचा कोच, संडासाच्या दाराबाहेर उभा होता, नेहमीसारखी ओठाखाली तंबाखूची पुडी. म्हणाला, झालं का, पोरी? मी म्हणाले, झालं. तो म्हणाला, हं. आस्गेइरच्या मानानं हे भाषणच.

पालथं पडून मारलेल्या सगळ्या गोळ्या लागल्या. उभ्यानं तीन चुकल्या. चुकलेल्या प्रत्येक गोळीला दंडाची एक फेरी असते. नेमबाजीच्या रेंजला लागूनच एक छोटं रिंगण आखलेलं असतं, त्यात जगासमोर घाण्याच्या बैलासारखं फिरायचं. मी तीनदा फिरले. डीसा दुसरी आली. मी सातवी. बिब अजून माझ्याकडेच, पण जेमतेम.

विश्लेषण: मी उभ्यानं नेम धरत असताना लाउडस्पीकरवाला गुणांचा हिशोब सांगत होता. आत्ता इथंच शर्यत संपली तर डीसा इतक्या गुणांनी पुढे, वगैरे. बोट ट्रिगरवर आखडलं ते तिथंच. म्हणजे दोष माझा नाही, आकड्यांचा आहे. आकडा डोक्यात शिरला, की गुडघा हलतो. बूट निर्दोष होते.

सोमवार, ९ मार्च.

निर्णय. हंगाम संपेपर्यंत आकड्यांवर बहिष्कार. गुण, वेळ, क्रमांक, काहीही बघायचं नाही. फोनवरच्या बातम्या बंद केल्या. घड्याळ काढून गुन्वोरला दिलं. शर्यतीत कानांत बोळे घालायचे, म्हणजे लाउडस्पीकरही नको.

गुन्वोरनं विचारलं, मग बस किती वाजता पकडणार? मी म्हणाले, तू हाक मारशील तेव्हा. ती म्हणाली, घ्या! शिंप्यानं कात्रीच टाकली!

तिला पद्धत कळलेली नाही.

बुधवार, ११ मार्च. लिलेहामर.

पद्धत यशस्वी. आज सरावात एकही गोळी चुकली नाही. गुडघा हलला, पण माझं त्याकडे लक्ष नव्हतं. ही प्रगती आहे.

आस्गेइरला बहिष्काराबद्दल सांगितलं. त्यानं बराच वेळ पुडी या गालातून त्या गालात केली आणि म्हणाला, लेनचा आकडा तरी बघत जा गं. आमच्या रेंजवर लेन ओळीनं असतात. उभं राहायच्या जागी जो आकडा, तोच समोरच्या निशाणावर. प्रत्येक निशाणावर पाच काळ्या चकत्या. गोळी लागली, की चकती पांढरी होते. सरावात मी कायम बर्चच्या झाडाजवळची कडेची लेन घेते. मला आकडा लागत नाही, झाड पुरतं. त्याला तसं सांगितलं. म्हणाला, होल्मेनकोलनला झाड नेणार आहेस का?

नोंद घेतली. आस्गेइर जुन्या पद्धतीचा माणूस आहे.

शनिवार, १४ मार्च.

बाबांचा फोन. बाबा त्रिसिलला रस्त्यावरचा बर्फ हटवायचा ट्रॅक्टर चालवतात. आधी बर्फाबद्दल बोलले, मग पुन्हा बर्फाबद्दल. मग म्हणाले, की रजा काढली आहे, बुधवारी ओस्लोला येऊन रानात तंबू ठोकणार. गावातला बर्फ म्हणे चार दिवस थांबेल. जाता जाता बोलून गेले, की हॉलमध्ये एक फळी ठोकली आहे. कशाला, विचारलं. तर म्हणाले, असंच गं, भिंत मोकळी होती.

गोलाचं नावही काढलं नाही. आमच्या घरात कोणी काढत नाही.

शेवटी म्हणाले, घाबरू नकोस हं, योर्डिस. मी फोन ठेवला. बॅटरी संपत आली होती. चार्जिंगला लावल्यावर दिसलं, की संपत आली नव्हती. किती होती ते पाहिलं नाही.

बुधवार, १८ मार्च. ओस्लो.

टेकडीवर धुकं. हॉटेल ठीक. लिफ्टमध्ये आकडे असल्यामुळे जिन्यानं गेले आणि दुसऱ्याच मजल्यावर निघाले. स्वीडनच्या टीमचा मजला. डीसा दाराच्या मुठीवर मोजे वाळत घालत होती. म्हणाली, अगं योर्डिस! ये ना, कॉफी टाकलीय. मी म्हणाले, जिने चढायचा सराव चाललाय. ती म्हणाली, तू बाई कशी गं एवढी थंड असतेस? माझ्या तर पोटात रोज गोळा येतो.

मी म्हणाले, सवयीचा प्रश्न आहे.

खाली जाताना कठडा धरून गेले. पायऱ्या गुळगुळीत होत्या.

शुक्रवार, २० मार्च.

छोट्या अंतराची शर्यत झाली. बरी गेली. निकाल मला माहीत नाही. गुन्वोरला माहीत आहे आणि तिला तो पोटात ठेवता येत नाही. पावावर तपकिरी चीजचे काप रचत मला विचारत होती, सांगू? नको. एकच वाक्य? नको. एकही आकडा नाही गं त्यात, शपथ! मग मी 'बोल' म्हणाले.

ती म्हणाली, रविवारी तू डीसाच्या पुढे आलीस तर गोल तुझा, मागे राहिलीस तर तिचा. बास.

खरंच त्यात एकही आकडा नव्हता. तरी टेबलावरचे चमचे वाजायला लागले. टेबलाचा एक पाय आखूड असावा. गुन्वोरनं वाकून पाहिलं. वर आली तेव्हा हसत नव्हती. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, अगं, घाबरलीयस तर घाबरलीयस, त्यात काय? आस्गेइरला सांगू का?

मी तिला चीज मागितलं.

रविवार, २२ मार्च. सकाळ.

धुकं दाट. मी अत्यंत शांत. इतकं शांत आजवर वाटलं नव्हतं. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, जमीन पायांपासून थोडी लांब. पहाटेपासून गादीवर बसून रायफलचा बोल्ट पुसते आहे. तो स्वच्छच होता.

उलटी झाली नाही. पोटात काही नव्हतं.

रविवार, २२ मार्च. संध्याकाळ.

झालं ते क्रमानं लिहिते.

आज सगळ्याजणी एकदम सुटतात. चार वेळा रेंजवर यायचं, दोनदा पालथं, दोनदा उभ्यानं, दर वेळी पाच गोळ्या. जी जशी येईल तशी लेन मिळते. पहिली येणारीला कडेची. पहिल्या तीन वेळा माझी एकही गोळी चुकली नाही. चौथ्या वेळी मी एकटी पुढे होते, मागं कोणाचा मागमूस नव्हता. कडेच्या जागेवर उभी राहिले. धुकं खाली उतरलं होतं. समोर पहिलं जे निशाण दिसलं, ते माझं असं धरलं. पाच गोळ्या. पाचही लागल्या. माझ्या आयुष्यातली ही सर्वोत्तम नेमबाजी होती आणि तांत्रिकदृष्ट्या ती अजूनही तशीच आहे.

मी रायफल पाठीवर घेतली तेव्हा डीसा शेजारच्या लेनमध्ये आली. समोर पाहिलं आणि तिनं हात वर केला. मला वाटलं, काय खिलाडू बाई. मीही हात वर केला.

दंडाचं रिंगण उजवीकडे सोडून सरळ निघाले. कुंपणापलीकडून आस्गेइर माझ्या बाजूनं धावत होता. त्याची टोपी पडली, तो पडला, उठला, पुन्हा धावला. तोंड उघडं, दोन्ही हात रिंगणाकडे. कानांत बोळे होते. इतक्या वर्षांत त्याला एवढं आनंदात पाहिलं नव्हतं. रानातल्या वळणावर आमचा स्कीला मेण लावणारा माणूस डोक्यावर हातांची फुली करून उभा होता. बहुधा मिठी, असं वाटलं. पुढच्या चढावर टीमची माणसं नुसती उभी होती. कोणी ओरडत नव्हतं. माझा आदर वाटत असणार.

अंतिम रेषेआधीच्या सरळ वाटेवर बाबा दिसले. कुंपणाला टेकून, हातात झेंडा. जिंकणारीनं शेवटी झेंडा घेऊन यायचं, हे इथं सगळेच करतात. मी हात पुढे केला. बाबा झेंडा सोडेनात. काहीतरी बोलत होते, डोळे लाल. मला वाटलं, लाजतायत. त्यांना असला देखावा आवडत नाही. मी ओढला. ते सोडेनात. मी जोरात ओढला.

झेंडा फडकवत रेषा ओलांडली. पहिली.

पुढे कोणी आलं नाही. गुन्वोर पोहोचेपर्यंत मी झेंडा घेऊन एकटीच उभी होते. तिनं धापा टाकत माझ्या कानांतले बोळे काढले आणि म्हणाली, योर्डिस, खाली बस.

कडेचं निशाण आणखी उजवीकडे होतं, धुक्यात. ते अजून तसंच काळं आहे. मी शेजारच्या लेनच्या निशाणावर पाच गोळ्या घातल्या. तिथं डीसा आली तर पाचही चकत्या आधीच पांढऱ्या. म्हणून तिनं पंचांसाठी हात वर केला होता. माझ्या पाचही गोळ्या चुकलेल्या धरल्या. फेरी एकही मारली नाही, म्हणून प्रत्येक फेरीला दोन मिनिटं दंड. निकालात मी सगळ्यांच्या खाली. निशाणाच्या डोक्यावर आकडा होता. धुक्यातूनही तो स्पष्ट दिसत होता, असं पंच म्हणाले. शक्य आहे. मी पाहिला नाही.

आस्गेइर आला. पुडी नव्हती, पळताना गिळली असावी. काही तरी बोलेल असं वाटलं. म्हणाला, चल, कोरडे कपडे घाल आधी.

सोमवार, २३ मार्च.

गुन्वोर सामान भरते आहे. माझंही. बक्षीस समारंभाचं काल लिहायचं राहिलं.

हंगामाच्या गुणांत मी दुसरी, म्हणून स्टेजवर उभं राहावंच लागलं. मधल्या पायरीवर पिवळ्या बिबात डीसा. तिला गोल दिला, राष्ट्रगीत झालं, सगळं झालं. मला काही वाटलं नाही. डोळ्यांत धुकं जात होतं.

मग डीसाला कुंपणापलीकडे तिची आई दिसली. आई हमसून रडत होती. डीसा म्हणाली, अगं, हे धर ना जरा, आलेच. आणि गोल माझ्या हातांत ठेवून उडी मारून गेली.

वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. हातमोजे ओले, स्टेजची फळी ओली. फोटोवाले ओरडायला लागले, बाई, बाजूला व्हा, तुम्ही नको! मला हलता येईना. घसरून फुटला तर काय, याची भीती वाटायला लागली. खरी भीती, पोटापासून. डीसाला दोनदा हाक मारली. ती आईच्या गळ्यात पडलेली, तिचं लक्ष नव्हतं.

ती परत येईपर्यंत गोल छातीशी धरून उभी राहिले. श्वाससुद्धा जपून घेतला.