एकाच पडद्यावर तीन चौकटी

प्रिय खटपटे,

या नावानं तुला आता कुणी हाक मारत नसेल. रक्तपेढीत सगळे मारायचे, कारण पंखा अडो की कपाटाचं कुलूप, तुझ्या पर्समधला स्क्रूड्रायव्हर बाहेर यायचाच. गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, पण चालवून घेते. परवा नात फोनवर गाणं ऐकत, मैत्रिणीशी गप्पा मारत अभ्यास करत होती. मी बघतच राहिले, तर म्हणते, आजी, यात काय एवढं? तिला काय सांगू?

आपला पहिला कॉम्प्युटर आठवतो? काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि एका वेळी एकच काम. रक्तदात्यांची यादी बघायची तर साठ्याचा अहवाल बंद करा. अहवाल सुरू केला की पाऊण तास हात बांधून बसा. मग तू मावसभावाकडून त्या नव्या प्रोग्रॅमच्या फ्लॉपी आणल्यास, सोबत विटेएवढं जाड पुस्तक. तीन आठवडे एका हातानं डबा खात ते वाचलंस. मशिनमध्ये बाहेरचं काही घालायचं नाही, अशी डॉक्टरसाहेबांची सक्त ताकीद होती. तू कचरत होतीस. घाल गं, होईल ते होईल, असं मीच म्हणाले.

आणि पडद्यावर दोन चौकटी उभ्या राहिल्या. डावीकडं अहवालाचे आकडे पळत होते, उजवीकडं तू पत्र टाइप करत होतीस. मला वाटलं, आकडे आता थांबतील. थांबले नाहीत. दुसरं मशिन जोडलंय की काय म्हणून मी उठून टेबलामागं पाहून आले. तू हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होतीस. मला हसू येईना, अंगावर काटा आला होता. आपण पाठ फिरवली तरी मागं काम चालूच राहतं, हे त्या पत्र्याच्या डब्याला कुणी शिकवलं असेल? तू एक चौकट पुढं आणायचीस, दुसरी मागं सारायचीस, आणि मी लहान मुलीसारखी तुला ते पुन्हा पुन्हा करायला लावायचे.

आठ दिवसांत ते डॉक्टरसाहेबांच्या कानावर गेलं आणि तुझी रवानगी तळघरात, जुन्या फायलींमध्ये झाली. चौकटी तेवढ्या राहिल्या, कारण त्या काढायच्या कशा हे तुझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं.

दोन महिन्यांनी भर दुपारी प्रसूतिकक्षातून फोन आला. रक्तस्राव थांबेना, गट ओ निगेटिव्ह, आणि फ्रिजमध्ये एकच पिशवी. अहवाल अर्ध्यावर होता. मी त्याला हात लावला नाही. दुसऱ्या चौकटीत दाते शोधले, तिसरीत कुणाला फोन लागला, कुणाला नाही, ते टिपत गेले. सातव्या फोनला एक शिंपीणबाई सापडल्या. बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढायचं भान न राहता त्या धावत आल्या. मागोमाग आणखी दोघे आले. आई वाचली, मुलगीही. मी पडद्याकडं वळले तर अहवाल पूर्ण होऊन निमूट थांबला होता. मी सगळ्यांसमोर रडले. देवळातसुद्धा मला तसं कधी झालं नव्हतं.

‘कल्पकतेबद्दल’ म्हणून माझं मानपत्र भिंतीवर लागलं. तू तळघरातून वर येऊन सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्यास. पुढच्याच वर्षी नोकरी सोडलीस.

गेल्या आठवड्यात रक्तपेढीच्या वर्धापनदिनाला मला बोलायला बोलावलं होतं. ते मानपत्र अजून तिथंच आहे. मी उभी राहिले आणि चौकटी तू आणल्यास, मी फक्त वापरल्या, हे तुझं नाव घेऊन सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण उरलेलं त्यांना सांगण्यासारखं नव्हतं, ते तुझं आहे. तुला तळघरात पाठवण्याआधी डॉक्टरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, “मशिनमध्ये हे कुणी घातलं?” आम्ही दोघींनी, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, “तिनं.” एवढा एकच शब्द. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून तुला ठाऊक आहे की नाही, हेही मला इतकी वर्षं कळलेलं नाही. आता तरी तुला ठाऊक आहे. रागावलीस तर तसंच लिही, पण लिही.

तुझीच म्हणवून घ्यायला अजून कचरणारी,
शेजारच्या खुर्चीतली