तिरप्या उन्हातली भिंत

८ जानेवारी

चि. दगडूबाईस,

आत्याचे अनेक आशीर्वाद.

भूउद्यानांच्या मुख्य कचेरीत तुला खिडकीजवळचं टेबल मिळालं, हे वाचून फार बरं वाटलं. खंडभरातले जुने दगड, कडे, गुहा जपायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा! लहानपणी तू फ्रॉकच्या खिशांत दगड भरायचीस, खिसे फाटायचे आणि मी ते शिवत बसायचे. आता कळतंय, तेव्हा शिक्षण तुझं चाललं होतं आणि दोरा माझा जात होता.

इथलं वातावरण मात्र तापलंय. आपल्या टेकडीचं नाव भूउद्यानासाठी गेल्यापासून तुझ्या बाबांचे पाय जमिनीला लागत नाहीत. नगराध्यक्ष ना ते! पाहुणे येणार, तर बसगाड्या उभ्या करायला जागा हवी. आणि ती कुठे, तर टेकडीची दक्षिणेची भिंत कापून. ज्या भिंतीसाठी लोक येणार, तीच! मी भर सभेत म्हटलं की, मांडवाला जागा हवी म्हणून नवरीलाच घराबाहेर काढण्यातला हा प्रकार झाला. सगळे हसले आणि दादाचं नाक लाल झालं. मला म्हणाला, तू आपली कापडं काप, दगडाचं आम्ही बघू. तेव्हापासून बोलणं बंद. राहतो चार घरं सोडून, पण यापुढे त्याला काय सांगायचं ते तुझ्यामार्फत सांगेन. पहिला निरोप : तुझं चुकतंय.

मी वाटाड्यांच्या वर्गात नाव घातलंय. शेजारी बसतात ते सुरुंगवाले, पलीकडच्या खाणीतून निवृत्त झालेले. जन्मभर सुरुंग लावून टेकडी फोडली, आता तिची माहिती सांगायला शिकतायत. कानाने जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे शिकवलेलं सगळं मला त्यांना मोठ्याने परत सांगावं लागतं. माझा अभ्यास आपोआप पक्का होतोय.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

१९ जानेवारी

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आत्याचा निरोप पोचला. तिला कळव की, चूक कुणाची ते सभा ठरवेल. मतदान फेब्रुवारीअखेर आहे.

अगं, मी काही राक्षस नाही. आपला रस्ता केवढासा! समोरून बस आली की दुधाच्या गाडीला मागे सरावं लागतं. गाडी लावायला जागा नसेल तर पाहुणे येतील आणि वैतागून परत जातील. मग दुकानं तशीच ओस आणि पोरं तशीच बाहेरगावी. तूही त्यातलीच. भूउद्यान मला तुझ्या आत्यापेक्षा कमी हवंय असं नाही. भिंत मी स्वतः जाऊन पाहिली, दुपारच्या सुट्टीत. साधी, सपाट, करडी भिंत. तिच्यात एवढं काय आहे ते मला कुणी नीट सांगेल का? तुझी आत्या सांगायला लागली की पाच मिनिटांत माझ्या लहानपणच्या खोड्यांवर येते.

आईने तटस्थ राहायचं ठरवलंय. म्हणजे दोन्हीकडचं ऐकते आणि दोन्हीकडे हसते. तुमच्या कचेरीत एखादा शब्द टाकता आला तर पाहा. कळावे, माया आहेच.

तुझा,
बाबा

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

शब्द टाकता येणार नाही. आपल्या गावाचा अर्ज आला तेव्हाच मी साहेबांना सांगून टाकलं की हे माझं घर आहे. आता ती फाईल माझ्या टेबलाकडे फिरकतही नाही. एप्रिलमध्ये दोन परीक्षक येतील आणि तेच काय ते ठरवतील. पण मुलगी म्हणून सांगते ते ऐका.

ती भिंत आज उभी आहे, मुळात ती आडवी होती. समुद्राचा तळ! उथळ पाण्याखालच्या वाळूवर लाटांनी वळ्या उठवल्या, वर गाळ बसला, दगड झाला. पुढे जमीन दोन्हीकडून रेटली गेली, टेकडी वर आली आणि तळ असा उभा राहिला. इतका सलग तळ अख्ख्या खंडात फार थोड्या ठिकाणी उरलाय.

दुपारी ऊन समोरून पडतं, तेव्हा काहीच दिसत नाही. एकदा संध्याकाळी जा, ऊन बाजूने तिरपं आलं की. आत्याशी बोलू नका हवं तर. नुसते उभे राहा.

आईला नमस्कार. रागावला असाल तरी लोभ कमी करू नका.

आपली,
दगडू

२१ फेब्रुवारी

चि. दगडूबाईस,

अनेक आशीर्वाद.

वाटाड्यांची परीक्षा झाली. मी पास, हेही पास.

भिंतीवर पालिकेच्या माणसांनी तांबडी रेघ मारली, कुठवर कापायचं त्याची. मला रडूच आलं. पण हे म्हणाले की, रंग धुता येतो, दगडाला अजून कुणी हात लावलेला नाही. सुरुंगाची वात पेटवून वाट बघण्यात जन्म गेलाय, त्यामुळे यांच्याकडे धीर भरपूर. रोज संध्याकाळी आम्ही तिथे जातो आणि येईल त्याला भिंत दाखवतो. पोरंटोरं वळ्यांवरून बोटं फिरवतात. हे थर्मासातला चहा सगळ्यांना देतात. साखर फार घालतात, सांगून थकले.

दादा फिरकला नाही. मतदान मंगळवारी. या खेपेला निरोप नाही. फक्त त्याचा खोकला बरा झाला का, तेवढं विचार.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या

२८ फेब्रुवारी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

गेलो होतो. सोमवारी, तुझी आत्या दुकानात अडकलीय असं बघून. तिथे सुरुंगवाले एकटेच होते. त्यांनी न विचारता चहा दिला. खरंच फार गोड.

आधी काही दिसेना. मग ऊन बाजूला सरलं आणि, बाळ, भिंत हलली! ओहोटीनंतर किनारा दिसतो ना, तशी अख्खी भिंत वळ्यावळ्यांची. एका कोपऱ्यात बारीक खळगे होते. हे तुमच्या छिन्नीचे का, असं मी विचारलं. ते म्हणाले की, नाही साहेब, हे पावसाचे थेंब. वाळू उघडी पडली असताना एक सर येऊन गेली असेल. मी एका खळग्यात करंगळीचं टोक ठेवलं. बरोबर बसलं. पाऊस बघायला माणूस जन्माला आला नव्हता, तेव्हाची ती सर. आणि मी तिथे बस उभी करणार होतो.

मग बस कुठे लावायच्या, ते विचारलं. म्हणाले, जुन्या खाणीच्या तळात. मीच फोडफोडून सपाट केलाय, तिथून भिंत दहा मिनिटांच्या चालीवर. मी चिडलो, की मग सभेत का नाही सांगितलंत? त्यावर शांतपणे म्हणाले की, सांगितलं होतं, पण तुम्ही बहीणभाऊ भांडत होतात. कमी काय मला एकट्यालाच ऐकू येतं?

मंगळवारी ठराव मीच मागे घेतला. खाणीची जागा एकमताने मंजूर झाली. तुझ्या आत्याचे डोळे भरले होते. तिने चष्मा पुसायचं निमित्त केलं. दुसऱ्या दिवशी एक पँट घेऊन तिच्या दुकानात गेलो. तिने टेप काढली, कंबर मोजली आणि म्हणाली, की भिंत वाचली, पण तुझा विस्तार काही थांबलेला नाही. आमचं पहिलं बोलणं हे.

खोकला बरा आहे, हे तिला मी समक्षच सांगितलं.

तुझा,
बाबा

९ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र मी कचेरीत मोठ्याने वाचलं. टाळ्या पडल्या, पण तो वेगळा विषय.

आधीच्या पत्रात 'सुरुंगवाले' होते. मग 'हे' कधीपासून? मराठीत बाई कुणाला नुसतं 'हे' म्हणते, ते मला कळतं हो! चहातली साखर कमी करायला सांगून सांगून थकण्याइतकी ओळख झाली, आणि भाचीला पत्ता नाही? उत्तर उलट टपाली हवं.

लाडाचा हक्क राखून,

तुझी,
दगडू

१६ मे

चि. दगडूबाईस,

आम्हा दोघांचे आशीर्वाद. दोघांचे म्हणजे माझे आणि दादाचे. तो शेजारीच बसलाय आणि मी काय लिहिते ते वाकून बघतोय.

मान्यता मिळाली, हे तुला आमच्या आधी कळलं असेल. परीक्षकांना भिंत मी दाखवली. दादा मध्येमध्ये बोलत होता, जणू समुद्र त्यानेच आणून ठेवला. खाणीच्या तळात पहिली बस लागली तेव्हा सगळं गाव बघायला गेलं.

आणि हो, तुझा संशय खरा. यांनी मला विचारलं, मी हो म्हटलं. जरा मोठ्याने म्हटलं, त्यामुळे अर्ध्या गल्लीला त्याच वेळी कळलं. दादा काय म्हणेल याची धास्ती होती, की अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काय! तर तो म्हणाला, की त्या भिंतीच्या वयापुढे तू अजून पाळण्यात आहेस, खुशाल कर.

(पुढचं मी लिहितो. – बाबा) रजा टाक. नोंदणी पुढच्या महिन्यात, तुला येता येईल त्या दिवशी. तुझी आत्या नवरदेवाचा कोट स्वतः शिवतेय. माप द्यायला उभे राहिले की गृहस्थ तिच्याकडे बघून हसायला लागतात, खांदे हलतात आणि माप चुकतं. तीन वेळा झालं. काल ती ओरडली, की जरा दगडासारखे उभे राहा. तेव्हा तर तिघेही हसायला लागलो आणि कोट पुन्हा राहिला.

लवकर ये. वाट बघतोय.

तुझी आत्या आणि बाबा