नऊ नळांचा लेआउट

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.
नळाला पुन्हा तांबडं पाणी. मालनने बादली आणून न बोलता माझ्यासमोर ठेवली. बायको बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं. बत्तीस वर्षांचे लोखंडी पाइप, आतून सडलेत. २३ तारखेला रसिका बाळंतपणाला येतेय. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायला हवं. लेक कोलशेतच्या टॉवरमधून येणार आणि या पाण्याने आंघोळ करणार? शक्य नाही. घरातली सगळी लाइन नवी करायची. संकल्प: २० तारखेच्या आत काम खलास. रोज सहाला उठणे.

३ नोव्हेंबर, सोमवार.
साडेआठला उठलो. पण मग जागचा हललो नाही. ड्रॉइंग काढलं. कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं काढलीत, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. पॅसेजमध्ये मॅनिफोल्ड, म्हणजे एक मुख्य फाटा. तिथून नऊ नळांना नऊ स्वतंत्र पाइप, अर्ध्या इंचाचे, सगळे भिंतीच्या आत. शिवाय छतातून पडणारा मोठा शॉवर. मालनला दाखवलं. तिने विचारलं, यात पाणी कुठून येणार? मी बाण दाखवला.

५ नोव्हेंबर, बुधवार.
मोहन्याहून जगन प्लंबर आला. ड्रॉइंग उलटं धरून बघत होता. म्हणाला, काका, तुम्ही टॉपला. टाकी बरोबर डोक्यावर, प्रेशरच नाय भेटणार. मेन लाइन जाड ठेवा नायतर पंप लावा, आणि शॉवर तर विसराच. मी शांतपणे समजावलं की टाकीला सर्वांत जवळचं घर आमचं, म्हणजे पाण्यावर पहिला हक्क आमचा. आणि पंपाच्या आवाजात बाळ झोपणार कसं? म्हणाला, बरं, तुमचं घर. या लोकांना अनुभव असतो, थिअरी नसते.

१० नोव्हेंबर, सोमवार.
तोडफोड सुरू. एक नळ तरी राहू द्या, असं मालन म्हणत होती. अर्धवट कामं मला जमत नाहीत. जुने पाइप भंगारात दिले. पाणी तूर्त तळमजल्यावरच्या केशरबाईंकडून. चार मजले, लिफ्ट नाही. माझा गुडघा दुखतो, त्यामुळे आणायचं काम मालनकडे. मी सुपरव्हिजन.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
पाइप टाकून झाले. जगनचा हट्ट, प्लास्टर मारायच्या आधी पाणी सोडून बघू. पण गवंडी आजच मोकळा होता. आणि ड्रॉइंग बरोबर असताना टेस्टिंग कशाला? टाइल्स लावून घेतल्या. आकाशी. देखण्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
१२.१०. मेन व्हॉल्व्ह उघडला.
१२.११. हवा आली.
१२.१४. पाणी. काचेसारखं स्वच्छ.
१२.३३. बादली भरली. एक. धार बारीक, पण सुबक. शॉवरमधून सात थेंब. जगन काहीच बोलला नाही, त्याचाच जास्त राग आला. मग म्हणाला, अजून पंप लावता येईल. माझ्या ड्रॉइंगमध्ये पंप नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
दोष टाकीचा आहे. ती बारा फूट उंच करावी असं सोसायटीला पत्र दिलं. सेक्रेटरी म्हणाले, बाकीच्या घरांना येतंय की पाणी. दूरदृष्टी कुणालाच नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार.
रसिका आली. म्हणाली, बाबा, बाथरूम किती छान झालंय. इतकं बरं वाटलं. मग तिने नळ उघडला.
संध्याकाळी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. एका वेळी एकच नळ. शिस्त पाळली तर काहीच अडचण नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
दुपारी जरा डोळा लागला. मालन बाजारात गेलेली. जाग आली तर रसिका घरात नाही. ती जिन्यात सापडली, तिसऱ्या मजल्यावर, कठड्याला धरून उभी. पायाशी केशरबाईंकडची भरलेली बादली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, घामाने जीव नकोसा झाला होता बाबा, आणि वेळापत्रकात माझा नंबर साडेचारला.
बादली उचलून वर आणली. गुडघा दुखला की नाही, आठवत नाही.
मालनने आल्या आल्या विहीणबाईंना, नंदाताईंना, फोन केला. सहाला जावई गाडी घेऊन आले. लेक चार दिवसांत माघारी गेली, तिच्याबरोबर मालनही. मी म्हणालो, दोन दिवसांत सगळं ठीक करतो. मालनने गाडीचं दार लावून घेतलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
नीट विचार केला. पंप मूळ लेआउटच्या विरुद्ध नाही, असं दिसतं. जगनला फोन केला. टिटवाळ्याला मोठं काम धरलंय, महिनाभर टाइम नाय म्हणाला. काका, मी बोललेलो, असं म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार. कोलशेत.
रसिकाला बघायला आलो. तब्येत चांगली आहे. बाळंतपण इथेच करायचं ठरलंय. तोवर मालनही इथेच राहणार. मला कुणी विचारलं नाही.
नंदाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हातात टॉवेल दिला. म्हणाल्या, गीझर लावलाय, आंघोळ करून घ्या. तीन दिवस झाले होते. नळ फिरवला तर मिनिटात बादली भरून वाहायला लागली. अर्धा तास बाहेर आलो नाही.
बाहेर मालन उभी होती. हळूच म्हणाली, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात. माझे बाबा उन्हातून आले तरी आपल्याकडे घोटभर घेत नसत, आठवतंय ना?
मी म्हणालो, मी प्यायलो कुठे?